नंबर मालकाचा

"शेळी कशी वरडती ते करून दाखव. मग सांगतो नंबर."

मालक, म्हणजे गावातला सगळ्यांत मोठा जमीनवाला, ओसरीवर खुर्ची टाकून बसला होता. मी खाली अंगणात उभी. चपला फाटकाबाहेर काढलेल्या. तेव्हा मी त्याला अहो-जाहो करत होते. आता लिहिताना करणार नाही.

माझ्या हातात माझा मोबाइल होता, चालू. पलीकडे येरमाळ्याच्या सेवा केंद्रात माझी पोरगी बसली होती. तिला धाराशिवच्या नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली होती. जागा पक्की करायचा तो शेवटचा दिवस. संध्याकाळी साइट बंद होणार होती. तिचा जातीचा दाखला तहसीलमधून त्याच दुपारी मंजूर झाला. मंजूर होऊन कॉम्प्युटरात पडला होता. तो उतरवून कॉलेजच्या अर्जाला जोडायचा, एवढंच राहिलं होतं. पण उतरवायचा तर ओटीपी लागतो. ओटीपी म्हणजे सहा आकड्यांचा नंबर. थोडा वेळ जिवंत राहतो, मग मरतो. आणि तो येतो आधारला जोडलेल्या मोबाइलवर.

पोरीच्या आधारला मोबाइल जोडलेला होता मालकाचा.

नुसत्या तिच्या नाही. माझ्या, माझ्या सासूच्या, आमच्या अख्ख्या वस्तीच्या आधारला मालकाचाच मोबाइल. म्हणून मी त्याच्या अंगणात उभी होते.

"मालक, लेकराच्या जल्माचा सवाल हाय. साइट बंद हुईल."

"मग वरड की. दिसभर शेळ्यांतच असतीस. तुला काय अवघड हाय?"

ओसरीवर चार माणसं चहा पीत होती. ती हसली. त्यातला एक आमच्या गावच्या शाळेतला गुरुजी. त्याने माझ्या पोरीला शिकवलं होतं. तो हसला नाही. त्याने कपात बघितलं.

मी ओरडले. हळू.

"ऐकू न्हाय आलं. करडू हाय का शेळी?"

मी मोठ्याने ओरडले. बें.

अशी हसली माणसं, की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. मालकाने डोळे पुसले. चष्मा लावला. मोबाइल लांब धरला आणि वाचायला लागला. एक आकडा सांगायचा, चहाचा घोट घ्यायचा. दुसरा सांगायचा, आत हाक मारायची, "अगं, साखर कमी पडली गं." मी प्रत्येक आकडा माझ्या मोबाइलात बोलत होते. पाच झाले. सहाव्याला त्याने मोबाइल डोळ्यापाशी नेला, लांब नेला.

"श्येवटचा पुसट दिसतोय बघ. गुरुजी, तीन हाय का आठ?"

गुरुजी मोबाइलात वाकून बघू लागला. बघत राहिला. मग मालकच म्हणाला, "आठ. आठच हाय."

मी आठ म्हणाले. पलीकडून केंद्रवाला म्हणाला, "मावशी, टाइम संपला. परत पाठवतो."

मालकाने ते ऐकलं. पाठ खुर्चीला टेकवली.

"मागव की परत. आपल्याला कुठं घाई हाय? ह्या बारीला मात्र बोकड. माजावर आल्याव कसा वरडतो, तसा. तुला तर नवरा न्हाय, तुला ठावं असंल."

ह्यावेळी गुरुजीही हसला.

माझे कान तापले. तोंड उघडलं. निघालं ते बें नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या," मी म्हणाले. "नंबर तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. शिजवून खावा."

आणि मागे वळले. फाटकाबाहेर आले, चपला पायात घातल्या. आत कोणीतरी म्हणालं, "लई माज आलाय." फाटकापासून बरीच पुढे आले तेव्हा कळलं की मोबाइल अजून चालूच आहे. केंद्रवाल्याने आकडे टाईप करायला हात मोकळे राहावेत म्हणून तिकडचा फोन स्पीकरवर लावला होता. माझं ओरडणं तिथं रांगेत बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. पोरीने ऐकलं होतं.

जागा गेली.

पोरगी वडापच्या जीपने आली. दप्तर खुंटीला अडकवलं. हातपाय धुतले. मला वाटलं, रडेल. माझ्या गळ्यात पडेल. मालकाला शिव्या देईल. ती म्हणाली, "दोनदा वरडलीस. मग तिसऱ्यांदा का न्हाय वरडलीस?"

मी चुलीत लाकूड सारलं.

"माझ्यासाठी दोनदा वरडलीस. तिसऱ्यांदा तुझा तोरा आडवा आला."

मी तिच्या थोबाडीत दिली. ती हलली नाही. गालावर बोटं उठली तरी तशीच बघत राहिली. त्या बघण्याला उत्तर म्हणून हे सगळं लिहिते आहे. मी तेव्हा का थांबले, ते तिला अजून पटलेलं नाही.

मी कोण ते सांगते. जात मेंढक्याची. नवरा ऊसतोडीला गेला आणि तिकडेच दुसरी करून राहिला. माझ्याकडे एक गाभण शेळी होती आणि ही पोरगी होती. त्या शेळीवर मी धंदा उभा केला. आता कळंबच्या बाजारात, येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेत माझ्याशी सौदा करायला व्यापारी दोनदा विचार करतात. जुने व्यापारी रुमालाखाली सौदा करतात. दोघांचे हात रुमालाखाली, बोटं दाबून भाव सांगायचा. आजूबाजूच्या कोणाला कळत नाही. बाईचा हात रुमालाखाली कोण धरणार? म्हणून मी सौदा उघडा करायला शिकले. मोठ्याने. शेळीचं तोंड उघडून दात मोजायचे, वय चारचौघांत सांगायचं, भावही चारचौघांत सांगायचा. ज्याला लाज वाटते तो मागे हटतो. मला वाटली नाही. भांडकुदळ म्हणतात मला. आहे.

आणि हीच मी एका माणसाच्या अंगणात बें करून आले.

नंबर मालकाचा का, हे ऐका. आधारचा कॅम्प शाळेत बसला तेव्हा वस्तीत कोणाकडे मोबाइल नव्हता. मशीनवाला विचारायचा, "मोबाइल नंबर?" पहिल्या म्हाताऱ्याने सांगितलं, "मालकाचा घाला." मागच्यानेही तेच. रांगच तशी गेली. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. त्याच्याही आधी आमच्या वस्तीची टपालं मालकाच्या घरी यायची. पत्त्यात आमचं नाव, खाली मालकाचं. तो वाचून दाखवायचा तेवढंच आमचं टपाल. मोबाइल आला म्हणून काय झालं? रीत तीच राहिली. पुढे पोरं जन्मली, त्यांच्या आधारलाही तोच नंबर पडला. पुढे घरोघरी मोबाइल आले. माझ्या मोबाइलवर तर सोलापूरचे व्यापारी बोकडाचा व्हिडिओ बघून सौदा करतात. पण कागदावरचा नंबर कोणी बदलला नाही. मालकाला राग येईल. मालकाचा नंबर असला की कामं होतात. सुगीनंतर त्याच्या रानात आमची जितराबं चरतात. असं सगळं.

ओटीपी आले तशी ओसरी भरली. रेशनला ओटीपी. पगारीला, म्हणजे म्हाताऱ्यांच्या पेन्शनला ओटीपी. दाखल्याला ओटीपी. माणसं अंगणात उभी राहायची आणि म्हणायची, "मालक, आकडा आला का?" त्याने कोणाकडून गोठा झाडून घेतला, कोणाकडून तुरीला पाणी धरून घेतलं. आणि मतदानाच्या आदल्या दिवशी तो काही मागत नसे. नुसता मोबाइल हातात घेऊन वस्तीतून एक चक्कर मारायचा. तेवढ्याने भागायचं.

सरकार आमच्या हातात यायला निघालं होतं. वाटेत त्याच्या खिशात पडलं.

जागा गेली त्यानंतरच्या कामाच्या दिवशी मी कळंबला गेले. आधार केंद्रात. रांगेत उभी राहिले. नंबर बदलायचाय म्हणाले. मी तयारीने गेले होते. कोण विचारेल, कोण अडवेल, त्याला काय बोलायचं, सगळं तोंडात तयार. खुर्चीतल्या मुलीने मान वर केली नाही. "बोट ठेवा, मावशी." ठेवलं. "दुसरं. नवा नंबर सांगा." सांगितला. "झालं. मेसेज येईल."

"इतकंच?"

"हो. पुढचे या."

मला त्या मुलीला मारावंसं वाटलं. इतकंच होतं? एका बोटाचं काम होतं? त्या एका बोटासाठी वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी वर्षानुवर्षं त्याचा गोठा झाडला? मी शेळी झाले? पोरीची जागा गेली? अवघड असतं तर बरं झालं असतं. अवघड असतं तर निदान म्हणता आलं असतं की आमचा इलाज नव्हता.

लोक मला सांगतात, मशीन आली आणि माणुसकी गेली. कोणती माणुसकी? मशीनने मला शेळी व्हायला सांगितलं नाही. चपला कुठं काढल्या ते विचारलं नाही. नवरा कुठंय ते विचारलं नाही. बोट ठेव म्हणाली, ठेवलं, काम झालं. ओरडायला लावलं ते माणसाने. मशीन आणि मी, ह्यांच्यामध्ये तो खुर्ची टाकून बसला होता.

नंबर माझा झाल्यावर मी पहिलं काम पाण्याचं काढलं. वस्तीवर घरोघरी नळ बसवलेत. तोट्या चमकतात. पाणी नाही. मागच्या उन्हाळ्यात मी सेवा केंद्रातून तक्रार केली होती, तिच्यावर आधारचाच नंबर पडला होता. तिचं पुढे काही कळलं नव्हतं. आता गेले तर केंद्रवाला म्हणाला, "मावशी, ती तक्रार मिटलीय. तक्रारदार समाधानी, असं दिसतंय."

"कोण समाधानी?"

"तुम्ही. तुमच्या नंबरवरनं तसं कळवलंय."

मी समाधानी होते. घागरी शेंदताना माझ्या हाताला घट्टे पडत होते आणि तिकडे सरकारच्या दारात मी समाधानी होते. माझं हो तो म्हणाला होता. माझ्या तोंडातून. त्याच्या अंगणात ओरडले तो आवाज निदान माझा होता. हा तर तोही नव्हता.

मी नवी तक्रार टाकली. माझ्या नंबरवरून. काही दिवसांनी मोबाइल वाजला. मी बाजारात होते, एका हाताने बोकडाचा कान धरलेला.

"पाणीपुरवठ्याची आपली तक्रार होती. पाणी सुरू झालं का?"

"न्हाय."

"मग तक्रार बंद करू ना?"

"पानी न्हाय म्हणल्याव बंद कशी करता? उघडी ठेवा. अन माणूस धाडा."

माणूस आला. मोटारसायकलवरचा साहेब. सवयीने आधी मालकाच्या ओसरीवर गेला, चहाला. वस्तीवरच्या एका बाईने मला ते सांगितलं. मी साहेबाला मोबाइल लावला.

"सायेब, तक्रार माझी हाय. तिथं च्या पिऊन घ्या, पानी हितं बघायला या."

तो आला. तोटी फिरवली. तोटीने हवा सोडली. साहेबाने फोटो काढला. माझं नाव विचारलं, माझा नंबर विचारला, तिथंच उभा राहून लिहिला. आता पाणी येतं. कधी येतं, कधी वरच्या टाकीचा पाणी सोडायचा वॉल कोणीतरी बंद करतं. कोण ते वस्तीला माहीत आहे. वॉल बंद झाला की मी तक्रार टाकते. आमच्यात तेवढंच चालू आहे सध्या.

मालकाने त्याच्या रानात आमची जितराबं चरायची बंद केली. माझ्या शेळ्यांना लांब न्यावं लागतं. पायवाटेवर काटे टाकले. गावातली टवाळ पोरं मोटारसायकलवरून जाताना "बें" करतात. बाजारातही एकदा कोणी केलं. ओसरीवरची गोष्ट सगळीकडे पोचली आहे. पोचू दे.

मग एक दिवस मी बाजारातून आले तर माझ्या दारात चपला. एकापुढे एक. वस्तीतली माणसं आत, भिंतीकडेने खाली बसलेली. काही बाहेर उभी. प्रत्येकाच्या हातात आधार कार्ड. पुढे आमचे तात्या, माझ्या सासऱ्याचे भाऊ, वस्तीतले सगळ्यांत थोरले.

तात्या म्हणाले, "पोरी, ठरलं आमचं. समद्यांच्या आधारला आता तुझा नंबर घालू."

"माझा कशाला?"

"तुझा फोन कायम चालू असतो. तुला आकडं कळत्यात. सायबाशी बोलतीस. मालक नकू आता आमाला. तू हाईस की. आमची मालकीण."

वस्तीवरची म्हातारी कोंडाबाई दारात उभी होती. मालकाच्या अंगणात उभी राहायची तशीच. पदर पुढे ओढलेला, मान खाली, आधार कार्ड दोन्ही हातांनी धरलेलं. तिच्या चपला सगळ्यांत लांब, उकिरड्यापाशी काढलेल्या.

मी सौदा करणारी बाई आहे. माल बघितला की किंमत कळते. त्या चपलांची किंमत मला लगेच कळली. वस्तीचं रेशन माझ्या हातात. वस्तीच्या पगारी माझ्या हातात. मतदानाच्या आदल्या दिवशी मोबाइल हातात घेऊन एक चक्कर मारायची, बस. मालकाच्या रानाची गरज नाही. मालकच माझ्या दारात येईल. गुरुजी येईल. मग त्याला काय ओरडायला लावायचं, तेही मनात येऊन गेलं. गाढव. इतकं पक्कं आलं मनात.

चूल पेटवता पेटवता माझी पोरगी माझ्याकडे बघत होती. थोबाडीत दिली तेव्हा बघत होती तशी.

मी दारात गेले. कोंडाबाईच्या चपला उचलून आणल्या आणि घरात फेकल्या. मग बाकीच्यांच्याही. एकेक. देव्हाऱ्यापाशी, चुलीपाशी, तात्यांच्या पुढ्यात.

"घाला पायात. माझ्या घरात चपला घालून बसायचं. अन पुन्हा मालकीण म्हणालात तर जीभ हासडीन."

"अगं, पण नंबर..."

"नंबर ज्येचा त्येनं घालायचा. फोन न्हाय तर घ्या. तंबाकू सोडा अन घ्या. एका घरात एक असला तरी चालंल, पर त्या घरचा पायजे."

कोंडाबाई रडायला लागली. "मला आकडं वाचाया येत न्हाईत गं. तू वाच की माझं."

"शिक."

"ह्या वयात?"

"शेळीचं दात मोजतीस न्हवं? आंधळी हाईस का? सहा आकडं हाईत. शिक, न्हायतर त्येचा गोठा झाड जा."

मी गोड बोलले नाही. गोड बोललं की माणसं पाया पडायला वाकतात. तात्या उठून गेले. जाताना म्हणाले, "तुझ्यापरीस मालक बरा हुता. निदान चपला फेकत न्हवता." ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांच्या आधारला अजून मालकाचाच नंबर आहे. आणखी काही घरं त्यांच्या मागे गेली. बाकीच्यांना मी बाजाराच्या दिवशी शेळ्यांच्या टेम्पोत बसवून कळंबला नेलं. खाली लेंड्या होत्या, झाडायला वेळ नव्हता. बाया नाकाला पदर लावून बसल्या. केंद्रात एकेकीने बोट ठेवलं. परत येताना एकीचा मोबाइल वाजला तर सगळा टेम्पो गप्प झाला. कंपनीचा मेसेज होता. तरी तिने तो दोनदा उघडून बघितला.

कोंडाबाईला आकडे यायला लागलेत. सहा आणि नवात अजून गोंधळ करते. मी ओरडते तिच्यावर.

पोरगी येरमाळ्याला एका दवाखान्यात कामाला लागली. फरशी पुसते, केसपेपर काढते. नर्सिंगचा अर्ज यंदा पुन्हा भरला. तिने स्वतः, तिच्या मोबाइलवरून. आधारलाही आता तिचाच नंबर. परवा जेवताना तिचा मोबाइल वाजला. ओटीपी. मी मान लांब करून बघायला गेले. तिने मोबाइल पालथा केला.

"माझा हाय," ती म्हणाली. "तुला काय करायचाय?"

घास माझ्या हातातच राहिला. राग आला. मग मी तो घास खाल्ला. तिने आकडे टाकले, अर्ज गेला, तिने ताट उचललं. तिसऱ्यांदा का ओरडली नाहीस, हे तिने मला पुन्हा विचारलेलं नाही. मी तोंडी उत्तरही दिलेलं नाही. गेलेलं वर्ष तिला कोणी परत देणार नाही. मालक नाही, सरकार नाही, मीही नाही.

आता ग्रामपंचायतीची निवडणूक लागेल. आमच्या वस्तीचा उमेदवार आजवर मालकाच्या ओसरीवर ठरत आला. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. आजवर जो कोणी उभा राहिला त्याच्या अर्जावरही नंबर मालकाचाच होता. यंदा अर्ज मी भरणार आहे आणि नंबराच्या रकान्यात माझा नंबर मीच टाकणार आहे. तात्या मत देणार नाहीत, हे धरून चालले आहे. ज्यांना टेम्पोत बसवून नेलं त्यांतल्याही काही जणी देणार नाहीत. त्यांना मी विचारणार नाही. ते त्यांचं आहे. पण पाण्याचा वॉल कोण बंद करतं, हे मी भर ग्रामसभेत विचारणार आहे. बाजारात भाव विचारते तसं, उघड, मोठ्याने.

मत मागायला प्रत्येक दारात जाईन. मालकाच्याही. पायात चपला असतील. अंगणात उभी राहीन, आणि तो ओसरीवरून "बें" म्हणाला तर म्हणू दे. मी त्याच्या उघड्या तोंडातले दात मोजीन आणि पुढच्या दाराला जाईन.